सत्तावीस नंबरची काळी पानं

विद्यापीठाच्या आस्थापना विभागात चौदा वर्षं माझं टेबल भिंगकाकांच्या समोर होतं, आणि त्या चौदा वर्षांत त्यांनी माझ्यावर एक दिवसही पुरता विश्वास ठेवला नाही. मी रजेचा अर्ज दिला की ते तो आधी उजेडाकडे धरून बघायचे. 'ताप आल्यामुळे' असं लिहिलेलं असलं तर मान वर न करता विचारायचे, "किती होता?" आकडा सांगितला की म्हणायचे, "मोजला कुणी?" सुरुवातीला मला राग यायचा. पुढे मी सांगायला लागले, "तुम्हाला फोन करून मोजायला हवा होता, नाही का!" त्यावर ते हसायचे नाहीत. मी असं का म्हणाले असेन, याचाच विचार करत बसायचे.

खिशात कायम एक जाड काचेचं भिंग, म्हणून भिंगकाका. प्रमाणपत्रावरचा शिक्का त्यांच्या भिंगाखालून गेल्याशिवाय फाइल पुढे सरकत नसे. एकदा एका उमेदवाराचा शिक्का बटाट्यावर कोरलेला आहे हे त्यांनी ओळखलं, तेव्हापासून त्यांचा दरारा वाढला. घरीही तीच तऱ्हा. मुलीचं लग्न ठरलं तेव्हा जावयाच्या पदवीचा दाखला हे स्वतः त्याच्या विद्यापीठात जाऊन पडताळून आले. जावई ते अजून बोलून दाखवतो, आणि काकू मला फोनवर म्हणतात, "अगं, माझ्याही दाखल्याची चौकशी केली असती यांनी, पण मी शिकलेच नाही, म्हणून सुटले."

तर अशा माणसाच्या हातात नवा नियम पडला.

नियम का आला ते आधी सांगते. आमच्या मुख्य इमारतीच्या पहिल्या मजल्यावर प्राध्यापकांचे फोटो लावलेत, विभागवार, चाळीस वर्षांचे. चष्म्याच्या फ्रेमी बदलल्यात, बाकी सगळे एकाच माळेचे मणी. तीच घराणी, त्याच दोन-तीन वस्त्या, तीच आडनावं, आणि बायका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. जाहिरात सगळ्यांसाठी निघायची, खुर्ची मात्र आडनाव बघून मिळायची. हे बाहेर बोललं जाऊ लागलं, वर्तमानपत्रात आलं, आणि मग वरून हुकूम निघाला. अर्जावरच्या पाच गोष्टी झाकायच्या: नाव, फोटो, पत्ता, आईवडिलांची नावं, जन्मगाव. प्रत्येक अर्जाला नुसता नंबर द्यायचा. छाननी समितीने फक्त काम वाचायचं आणि शंभरपैकी ऐंशी गुण कागदावरच द्यायचे. उरलेले वीस मुलाखतीला. कुठला नंबर कुणाचा, ती यादी बंद पाकिटात.

झाकणार कोण? रजिस्ट्रार साहेब म्हणाले, "जो कुणावरच विश्वास ठेवत नाही त्याला द्या." त्यात शोधायचं काय होतं!

जुने टाइपरायटर ठेवायच्या खोलीत काकांनी बस्तान मांडलं. खिडकीच्या काचांना खाकी कागद चिकटवला, दाराला दुसरं कुलूप लावलं. काळा मार्कर घेऊन ओळीवर फिरवायचा, मग कागद ट्यूबलाइटखाली धरायचा. शाईखालचं अक्षर दिसलं की मागच्या बाजूनेही काळं करायचं, मग त्याची झेरॉक्स, आणि ती झेरॉक्सही पुन्हा उजेडाला. संध्याकाळी बाहेर यायचे तेव्हा बोटं कोळसेवाल्यासारखी. मी म्हणायची, "तोंड काळं करून आलात का?" तेव्हा मात्र हसायचे.

आणि खरं सांगते, पहिल्या वर्षी त्यांनी चमत्कार केला. सात जागा होत्या. पाकीट उघडलं तर तीन माणसं अशी निघाली की समितीने यादी नंबरांशी दोनदा ताडून पाहिली. गणिताला जे प्राध्यापक आले त्यांचे वडील याच आवारात माळी होते. समितीचे अध्यक्ष, ज्यांना सगळे मोठे सर म्हणतात, जिन्यात कुरकुरले, "आता कोण येईल काही सांगता येत नाही." काकांनी ते ऐकलं आणि माझ्या टेबलाशी येऊन हळूच म्हणाले, "तेच तर पाहिजे." चौदा वर्षांत त्यांना इतकं खूश मी दुसऱ्यांदा पाहिलं नाही.

पण संशयी माणसाला यश पचत नाही. त्यांना वाटू लागलं की मोठे सर आणि मंडळी आता दुसऱ्या वाटेने वास काढणार. शाळेच्या नावावरून कळतं, म्हणून शाळा झाकली. कॉलेजवरून कळतं, कॉलेज झाकलं. कुठल्या भाषा येतात त्यावरून कळतं, भाषा झाकल्या. शिफारस करणाऱ्याची सही, लेख छापणारं मासिक, बक्षीस देणारी संस्था, सगळ्यावरून मार्कर. एकाने छंदात 'पोहणे' लिहिलं होतं, तेही काळं केलेलं मी पाहिलं.

"पोहण्यावरून काय कळणार, काका?"

"पोहणारे कुठले असतात, ताई?"

"पाण्यातले!" मी म्हणाले.

"झालं तर मग," काका म्हणाले, आणि दार लावून घेतलं.

हुकुमात पाच गोष्टी होत्या, काकांच्या वहीत चौदा झाल्या. ती यादी मीच टाइप केली. एकदा म्हणालेही, की हे जरा जास्त होतंय. त्यावर त्यांनी भिंग खाली ठेवून विचारलं, "तुम्हाला का एवढी काळजी? कुणी सांगितलंय का तुम्हाला?" माझं डोकं असं फिरलं की मी पुन्हा तो विषय काढला नाही. आज मला त्या रागाची लाज वाटते. मी अजून दोनदा बोलले असते तर पुढचं टळलं असतं.

दुसऱ्या वर्षी इतिहासाच्या दोन जागा निघाल्या. त्यासाठी अर्ज करणाऱ्यांत आमच्या तासबाई होत्या. नऊ वर्षं तासावर शिकवत होत्या, म्हणून तासबाई. सकाळी एक कॉलेज, दुपारी आमच्या विद्यापीठाचा इतिहास विभाग, संध्याकाळी तिसरीकडे. हातात कायम कापडी पिशवी, तिच्यात विद्यार्थ्यांचे पेपर. दर वर्षी नेमणुकीचा कागद न्यायला आमच्याकडे यायच्या, इतिहासाची कायम जागा निघाली की मुलाखत द्यायच्या, आणि दर वेळी त्यांना 'कळवू' असं सांगितलं जायचं. त्या नदीपलीकडच्या. पलीकडच्या होडीवाल्यांच्या वस्तीतून प्राध्यापक सोडाच, साधा कारकूनही आमच्या इमारतीत कुणी पाहिला नव्हता, निदान मला तरी तसंच वाटायचं. वयाची अट पंचेचाळीस. बाईंना चव्वेचाळीस पूर्ण होऊन दहा महिने झाले होते. पुढची जाहिरात तीन वर्षांनी. म्हणजे ही शेवटची.

अर्ज देताना त्यांनी मला विचारलं, "ताई, या वेळी नाव दिसणार नाही ना त्यांना?"

"नाही दिसणार."

"मग होईल," त्या म्हणाल्या. अगदी सहज म्हणाल्या, आणि मला बरं वाटलं.

एकसष्ट अर्ज आले. काकांनी तीन आठवडे खपून ते काळे केले. समितीने दोन दिवसांत छाननी केली आणि बारा नंबर मुलाखतीला काढले. पत्रं पाठवायची म्हणून पाकीट उघडलं, तर बारांत तासबाई नाहीत. त्यांचा नंबर सत्तावीस. गुणांच्या रकान्यात रेघ, आणि शेऱ्याच्या रकान्यात दोनच शब्द: माहिती अपुरी.

काकांनी तो शेरा भिंगाखाली धरला. "नंबर फुटला," ते म्हणाले. "सत्तावीस कोण हे त्यांना कुणीतरी सांगितलं. नऊ वर्षांचं काम अपुरं कसं असेल?"

मलाही तेच वाटलं, उगाच खोटं कशाला सांगू. मोठ्या सरांवर माझा संशय त्यांच्याइतकाच होता. पुढचे तीन दिवस काकांनी आमचा विभाग म्हणजे पोलीस ठाणं करून टाकलं. झेरॉक्सवाल्याला विचारलं, मशीनच्या पोटात प्रत राहते का. झाडूवालीला विचारलं, खाकी कागदाचा कोपरा सुटला तो कधी. किल्ली मेणात दाबली तर खूण राहते म्हणून स्वतःच्या किल्लीवर भिंग फिरवलं. मोठ्या सरांविरुद्ध तीन पानी तक्रारीचा मसुदा तयार केला. आणि तिसऱ्या दिवशी माझ्या टेबलासमोर उभे राहिले.

"तेरा तारखेला तुम्ही तिच्याशी जिन्यात बोलत होतात."

"हो. पाणी कुठे मिळेल असं विचारत होत्या."

"नऊ वर्षं इथे येणाऱ्या बाईला पाणी कुठे मिळतं ते माहीत नाही?"

"खालचं मशीन बंद होतं, काका!" मी ओरडलेच. "मी त्यांचं वाईट करीन? मी? तुम्हाला सगळं जग चोर दिसतं. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो, तुम्ही तर पाणीसुद्धा फुंकून पिता. कुठे पोळलंय तुमचं तोंड एवढं, ते तरी एकदा सांगा!"

ते जागेवर जाऊन बसले. दोन दिवस आमचं बोलणं बंद.

तिसऱ्या दिवशी तासबाई स्वतःच आल्या. आपली फाइल बघायला मिळावी असा रीतसर अर्ज, सहीसकट. तसा हक्कच आहे. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, पण पिशवीचा बंद त्यांनी बोटाला इतका करकचून गुंडाळला होता की बोट लाल झालं होतं. काकांनी समितीकडून परत आलेली सत्तावीस नंबरची फाइल कपाटातून काढली आणि टेबलावर ठेवली. "बघा," ते म्हणाले. "यात काय अपुरं आहे ते आपण तिघं बघू आणि मग त्यांना विचारू."

बाईंनी पहिलं पान उलटलं. काळं. दुसरं पान काळं, खाली एका कोपऱ्यात 'सन' आणि 'ते' एवढेच शब्द. तेरा पानांपैकी अकरांवर हीच गत. प्रबंधाच्या नावातले दोनच शब्द वाचता येत होते: 'एक तुलना'. कशाची कशाशी, ते काळं. लेखांच्या यादीत लेखांची नावं नव्हती, मासिकं नव्हती, नुसते एक ते चौदा आकडे.

बाईंचं काम मला नंतर कळलं. होडीवाल्यांच्या म्हाताऱ्या माणसांकडून त्यांनी शंभर वर्षांतल्या पुरांच्या आठवणी गोळा केल्या होत्या, वस्ती-वस्तीतून, आणि त्या सरकारी नोंदींशी ताडून बघितल्या होत्या. दोन मोठे पूर सरकारी दप्तरात नव्हतेच. माणसं वाहून गेली होती आणि त्याची नोंद नव्हती. हे त्यांनी पुराव्यानिशी दाखवलं होतं. पण ते सगळं वस्त्यांच्या नावांनी, होडीवाल्यांच्या शब्दांनी भरलेलं, त्यांच्याच त्रैमासिकात छापलेलं, त्यांच्याच संस्थेने गौरवलेलं. काकांच्या वहीप्रमाणे त्यातली ओळन् ओळ माणूस कुठला ते सांगणारी होती.

"ही माझी फाइल?" बाईंनी विचारलं. "यात मी कुठे आहे?"

काका खुर्चीच्या पाठीला धरून उभे होते. "ते ठेवलं असतं तर त्यांनी ओळखलं असतं," ते म्हणाले.

"मग ओळखलं असतं! पण वाचलं तर असतं ना? या पानांवर वाचण्यासारखं काय ठेवलंत तुम्ही?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा. तीन दिवस त्यांनी झाडूवालीपर्यंत सगळ्यांना तपासलं होतं. मला खरं तर त्यांना टोचून बोलायचं होतं, दोन दिवस मनात तयारीही केली होती. पण त्यांच्याकडे बघितलं आणि माझं धाडस झालं नाही.

काका तसेच उठून रजिस्ट्रार साहेबांकडे गेले. फाइल माझ्या हातात होती म्हणून मीही गेले. मुलाखती चार दिवसांवर होत्या. साहेबांनी काळी प्रत आणि मूळ अर्ज शेजारी-शेजारी ठेवून पाहिले. ते रागीट नाहीत, पण चौकस आहेत.

"पाचच गोष्टी झाकायच्या होत्या ना?"

"हो, साहेब. चूक माझी. लिहून देतो."

"ते द्यालच. पण मला एक सांगा." साहेबांनी मूळ अर्जावर बोट ठेवलं. "हे त्रैमासिकाचं नाव का खोडलंत? हा शब्द मी आयुष्यात ऐकला नाही. मला तर औषधाचं नाव वाटलं. समितीतही कुणाला कळलं नसतं. ही शाळा, हे बक्षीस, यावरून बाई कुठल्या हे इथे कुणाला सांगता आलं असतं? तुम्हाला कसं कळलं?"

काकांनी त्या नावावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "ती एक गाठ आहे, साहेब. होडी खुंटाला बांधायची. ओढलं की घट्ट होते."

"तुम्हाला कसं माहीत?"

"वडिलांनी शिकवली."

चौदा वर्षं मी या माणसासमोर बसले होते. तो नदीपलीकडचा आहे हे मला माहीत नव्हतं, कुणालाच नव्हतं. साहेबांनी खणातून एक कोरा कागद काढला. मग तो पुढे सरकवला आणि म्हणाले, "तेही लिहा. त्याशिवाय खुलासा पुरा होणार नाही."

काकांनी लिहिलं. तीस वर्षं जे लपवलं ते चार ओळींत, सहीसकट, आवक क्रमांकासकट. जिना उतरताना थांबून मला सांगितलं. एकोणतिसाव्या वर्षी त्यांनीही इथेच अर्ज केला होता, अर्थशास्त्राला. समितीतल्या एकाने पत्ता मोठ्याने वाचला, "पोहत आलात की पुलावरून?" असं विचारलं, सगळे हसले आणि फाइल मिटली. मग त्यांनी नदीच्या अलीकडे खोली घेतली, पत्ता बदलला, आणि कारकुनाच्या जागेसाठी नव्या पत्त्यावरून अर्ज केला. ती जागा मिळाली. मी त्यांचा हात धरला, एवढंच.

साहेबांनी चूक दुरुस्त करायची परवानगी दिली. मी म्हणाले, "आता नुसत्या पाच गोष्टी झाकून प्रत करू."

"आता झाकून कुणाला फसवणार?" साहेब म्हणाले. "सत्तावीस म्हणजे कोण हे खालच्या वॉचमनलाही माहीत झालंय. नावासकट द्या."

अर्ज नावासकट गेला. बाकी साठ नंबर, आणि एक माणूस. समितीने तो वाचला, म्हणे पाऊण तास वाचला, गुण दिले आणि तासबाईंना तेराव्या उमेदवार म्हणून बोलावलं. मुलाखतीनंतर निकाल लागला. जागा दोन, बाई तिसऱ्या. दीड गुणाने.

आठवड्याने त्या मूळ प्रमाणपत्रं परत न्यायला आल्या. काकांना तोवर मेमो मिळाला होता, मार्कर त्यांच्याकडून काढून घेतला होता, आणि इमारतीत लोक त्यांच्याकडे वळून बघत होते. पण बाईंना पाहताच ते ताडकन उठले.

"दीड गुण!" ते म्हणाले. "हे सरळ नाही. कुणी किती दिले ते मागवा. अर्ज मी लिहून देतो. मोठ्या सरांनीच..."

"मागवले मी," बाई म्हणाल्या. "मोठ्या सरांनी मला सगळ्यांत जास्त दिलेत."

काका उभेच राहिले.

"कमी दिलेत ते तिसऱ्या सदस्यांनी. त्यांना काम आवडलं नसेल, किंवा मी आवडले नसेन. कोण सांगणार?" त्या प्रमाणपत्रं एकेक मोजून पिशवीत ठेवत होत्या. "काका, तुमच्यावर राग नाही म्हटलं तर खोटं होईल. तुम्ही नुसतं नाव झाकलं असतं ना, तर मी हरले असते तरी घरी जाऊन सांगितलं असतं, की बाकीचे दोघं माझ्यापेक्षा चांगले होते. आता मला तेही सांगता येत नाही."

काकांनी पोचपावतीची वही उघडून पुढे ठेवली. बाईंनी पोचपावतीवर सही केली, पिशवी खांद्याला लावली आणि निघाल्या. साडेतीनला त्यांचा तास होता.